सप्लायरचा माल की आपली मिल? इंडोमेथासिनच्या अल्फा-गॅमाचं एक प्रकरण

इंडोमेथासिनची २५ मिलिग्रॅमची कॅप्सूल म्हणजे जुनं सरळसोट प्रॉडक्ट, १९६० च्या दशकापासून बाजारात असलेलं औषध, गाउटला देतात, सांधे सुजले की देतात, त्यात आता नवीन काय निघणार असं कुणालाही वाटेल. आमच्याकडे नाशिकच्या सातपूरला हे वर्षभर चालतं आणि दिवाळीपासून मेपर्यंत कुणी त्याचं नावही काढत नाही. जुलै उजाडला, त्र्यंबकच्या बाजूने ढग उतरायला लागले की मात्र फिलिंगवरून फोन सुरू. वजन वरखाली जातंय, पावडर हॉपरमध्ये धरून बसतेय, मशीन थांबवून हाताने मोकळी करावी लागतेय. अ‍ॅसे (औषधाचं प्रमाण) पास, डिसोल्यूशन (विरघळणं) पास, इम्प्युरिटी पास, आणि तरी बॅच अर्ध्या स्पीडने ओढायची वेळ.

एरवी हे "पावसाळी हवा" म्हणून सोडून दिलं जायचं. या वेळी प्रकरण चिघळलं कारण मधल्या काळात एपीआयचा (म्हणजे मूळ औषधी पावडरीचा) सप्लायर बदलला होता. प्रॉडक्शनने लगेच बोट दाखवलं, नवीन मालात अल्फा फॉर्म (त्याच रेणूची वेगळी, कमी स्थिर क्रिस्टल रचना) मिसळलेला आहे, डेबिट नोट काढा, म्हणजे पैसे कापा. सप्लायर म्हणाला सीओएवर (मालाच्या तपासणी दाखल्यावर) गॅमा, म्हणजे हवा तो फॉर्म, लिहिलंय, एक्सआरडी (एक्स-रेने क्रिस्टल रचना ओळखणारी चाचणी) जोडलाय, माल आमच्याकडून निघाला तेव्हा ठीक होता, पुढचं तुमचं तुम्ही बघा. आणि या दोघांच्या मध्ये आमची अ‍ॅनालिटिकल लॅब, जिच्या टेबलावर एकाच पावडरीचे तीन रिपोर्ट होते आणि तिघांचं एकमेकांशी जुळत नव्हतं.

हे प्रकरण मला सविस्तर लिहायचंय ते त्या न जुळण्यासाठीच. कारण "यात कुठला फॉर्म आहे" असा प्रश्न विचारताना आपण बहुतेक वेळा हे विसरतो की उत्तर देणारं प्रत्येक मशीन त्या पावडरीला काहीतरी करतं, कोणी तापवतं, कोणी दाबतं, कोणी विरघळवतं, आणि मग जे उरलं त्याबद्दल सांगतं. बॅगेत काय होतं ते वेगळंच राहतं.

आधी फॉर्मबद्दल थोडं. इंडोमेथासिनचे नेहमी भेटणारे क्रिस्टल फॉर्म दोन, गॅमा आणि अल्फा. गॅमा स्थिर, साधारण १६० ते १६२ अंश सेल्सिअसला वितळतो, बाजारातला माल गॅमाच असतो. अल्फा कमी स्थिर, १५३-१५५ च्या आसपास वितळतो, आणि त्याचे क्रिस्टल बारीक लांब सुयांसारखे येतात, म्हणजे पावडर वाहण्याच्या दृष्टीने वाईटच. तिसरी अवस्था अमॉर्फस, ज्यात रचनाच नाही, काचेसारखी, आणि तिचं ग्लास ट्रान्झिशन, म्हणजे ती काच मऊ पडायचं तापमान, कोरड्या अवस्थेत ४२ अंशांच्या आसपास. ओलावा शोषला की ते आणखी खाली येतं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, सगळं प्रकरण तिच्यावरच फिरलं.

रेणूच्या पातळीवर बघितलं तर फरक फार सुंदर आहे. गॅमात क्रिस्टलच्या एका घटकात स्वतंत्र असा एकच रेणू, आणि दोन-दोन रेणू आपापल्या अ‍ॅसिड गटांनी हायड्रोजन बाँड करून जोडी जमवतात. अल्फात स्वतंत्र रेणू तीन. त्यातले दोन अशीच जोडी करतात आणि तिसऱ्याला अ‍ॅसिडचा जोडीदार मिळत नाही, तो आपला अ‍ॅसिड गट जोडीतल्या एकाच्या अमाइडच्या कार्बोनिलला अडकवतो. म्हणजे रासायनिक सूत्र तेच, रेणू तोच, पण अल्फात अ‍ॅसिडचा कार्बन तीन वेगळ्या परिस्थितीत बसलेला. अजून एक, अल्फा कमी स्थिर असूनही त्याची घनता गॅमापेक्षा थोडी जास्त भरते, जे सहसा उलटं असतं, त्यामुळे घनतेवरून कोण स्थिर हे ठरवायला जाल तर इथे फसाल.

आता ते तीन रिपोर्ट.

सॅम्पल तीन होते. पहिलं सप्लायरच्या न उघडलेल्या ड्रममधलं. दुसरं आमच्या एअर जेट मिलमधून (हवेच्या झोताने पावडर दळणाऱ्या यंत्रातून) नुकतंच बाहेर आलेलं. तिसरं मिलिंग झाल्यावर ब्लेंडिंगला जागा नाही म्हणून ड्रममध्ये पडून राहिलेलं, आणि फिलिंगला त्रास झाला तो याच मालाचा.

एक्सआरडीने सांगितलं, पहिलं गॅमा, ११.६, १९.६, २१.८ अंशांचे पीक स्वच्छ. दुसरंही गॅमा, पीक थोडे बुटके आणि रुंद, बाकी काही नाही. तिसऱ्यात मात्र ८.४ अंशाला नवा पीक, म्हणजे अल्फा. इथपर्यंत ठीक. पण किती अल्फा असं विचारलं की गोंधळ, कारण तेच सॅम्पल काढून पुन्हा होल्डरमध्ये भरलं की ८.४ चा पीक कधी दुप्पट कधी निम्मा. सुयांसारखे क्रिस्टल होल्डरमध्ये दाबले की आडवे पडतात, मग काही पीक फुगतात काही दबतात, हे एक्सआरडीवाल्या सगळ्यांना माहीत असलेलं दुखणं आहे.

डीएससीने, म्हणजे पावडर तापवत तिने घेतलेली-सोडलेली उष्णता मोजणाऱ्या मशीनने, वेगळंच सांगितलं. तिसऱ्या सॅम्पलमध्ये १५४ च्या आसपास छोटा एंडोथर्म (उष्णता घेतल्याची, म्हणजे वितळण्याची खूण), मग १६० ला मोठा, म्हणजे अल्फा आणि गॅमा दोन्ही, हे एक्सआरडीशी जुळलं. पण दुसऱ्या, म्हणजे ताज्या दळलेल्या सॅम्पलमध्येसुद्धा १५४ ला छोटासा खड्डा! एक्सआरडी म्हणतो यात अल्फा नाही, डीएससी म्हणतो आहे. आणि प्रॉडक्शनने हाच थर्मोग्राम (डीएससीचा आलेख) उचलून धरला, कारण मिलमधून ताजं निघालेल्या मालातच अल्फा असेल तर तो सप्लायरकडूनच आलेला असणार, मिल काय फॉर्म बदलते का असा त्यांचा मुद्दा.

तिसरा रिपोर्ट मायक्रोस्कोपचा, पोलराइज्ड लाइटखाली तिसऱ्या सॅम्पलच्या कणांवर बारीक केसांसारखी लव उगवलेली दिसत होती. बघून पोटात गोळा आला खरा, पण फोटो दाखवून कुणाला टक्केवारी सांगता येत नाही.

मी थर्मोग्राम पुन्हा नीट बघितला. १५४ च्या खूप आधी, वितळण्याच्या फार खाली, बेसलाइनला एक रुंद उंचवटा होता, एक्झोथर्म, इतका उथळ की सॉफ्टवेअरने तो पीक म्हणून धरलाही नव्हता. एक्झोथर्म म्हणजे उष्णता सुटतेय, काहीतरी क्रिस्टल होतंय. म्हणजे दळताना कणांचा पृष्ठभाग थोडा अमॉर्फस झाला असेल, आणि डीएससीने तापवताना तोच अमॉर्फस भाग अल्फा म्हणून क्रिस्टल झाला असेल, आणि मग १५४ ला वितळला असेल. तसं असेल तर तो अल्फा ना सप्लायरचा ना मिलचा, तो डीएससीच्या पॅनमध्येच तयार झालेला. पण "असेल, असेल" यावर मीटिंगमध्ये कोणी डेबिट नोट थांबवत नाही. हे सिद्ध करायला असं काहीतरी हवं होतं जे पावडरीला न तापवता, न विरघळवता, न दाबता, तिन्ही अवस्था एकाच वेळी दाखवेल.

आमच्या क्यूए (क्वालिटी अ‍ॅश्युरन्स) हेड सरांनी विचारलं, "मॅडम, एनएमआर आपल्याकडे आहे ना, मग त्याच्यावर का नाही टाकत?" एनएमआर म्हणजे चुंबकीय क्षेत्रात ठेवून रेणूतला एकेक अणू कुठल्या परिस्थितीत आहे ते सांगणारं मशीन. प्रश्न रास्त होता. पण युनिटमध्ये असतो तो सोल्यूशनचा एनएमआर, सॅम्पल डीएमएसओत विरघळवावं लागतं आणि विरघळलं की अल्फा काय आणि गॅमा काय, सगळे रेणू मोकळे, दोघांचा स्पेक्ट्रम अगदी एकसारखा. क्रिस्टल कसा रचलेला होता ही माहिती विरघळतानाच संपते. घन-अवस्थेतला एनएमआर म्हणजे सॉलिड स्टेट एनएमआर वेगळा, त्यात पावडर आहे तशीच रोटरमध्ये (फिरवायच्या छोट्या नळीत) भरतात.

त्यात अडचण अशी की द्रवात रेणू गरगरत असतात म्हणून लाइन बारीक येतात, घनात ते जागच्या जागी बसलेले, चुंबकीय क्षेत्राशी प्रत्येक कणाचा कोन वेगळा, त्यामुळे लाइन पसरून एक भला मोठा डोंगर होतो. यावरचा उपाय १९५८-५९ च्या सुमारास निघाला, सॅम्पल क्षेत्राशी ५४.७४ अंशांच्या कोनात तिरकं ठेवून जोरात फिरवायचं. त्या कोनाला तीन कॉस वर्ग थीटा वजा एक हे पद शून्य होतं आणि लाइन आकसतात. यालाच मॅजिक अँगल स्पिनिंग म्हणतात. दुसरी अडचण कार्बन-१३ ची, निसर्गात तो कार्बनच्या जेमतेम १.१ टक्का. म्हणून शेजारच्या हायड्रोजनचं मॅग्नेटायझेशन कार्बनकडे ओतून घ्यायचं, ते क्रॉस पोलरायझेशन, १९७० च्या दशकातलं. त्याने सिग्नल जास्तीत जास्त चौपट होतो, आणि त्याहून मोठा फायदा म्हणजे दोन स्कॅनमध्ये थांबायचं ते कार्बनच्या संथ रिलॅक्सेशनप्रमाणे (सिग्नल देऊन पुन्हा मूळ स्थितीत येण्याप्रमाणे) नाही, हायड्रोजनच्या त्यामानाने लवकर होणाऱ्या रिलॅक्सेशनप्रमाणे.

नाशिकमध्ये आमच्या ओळखीत असं मशीन कुणाकडे नव्हतं. मुंबईला टीआयएफआर, पुण्याला एनसीएल अशा संस्थांमध्ये ही सोय आहे, आम्ही पुण्याच्या एका लॅबमध्ये वेळ घेतला.

सॅम्पल पाठवणं हीच पहिली परीक्षा होती, आणि माझ्या मते अर्ध्या लोकांचा निकाल इथेच बिघडतो. ज्या पावडरीत ओलाव्याने फॉर्म बदलतोय असा संशय आहे ती पॉलीबॅगमध्ये गुंडाळून भर पावसात कुरिअरला दिली तर पुण्याला पोचेल ती वेगळीच पावडर. म्हणून ड्राय बॉक्समध्ये काचेच्या वायल भरल्या, झाकणावर पॅराफिल्म, प्रत्येक वायल सिलिका जेलबरोबर अ‍ॅल्युमिनियमच्या पाउचमध्ये हीट सील, आणि थर्माकोलच्या पेटीत जेल पॅक घालून आमचा माणूस गाडीने सिन्नर-संगमनेरमार्गे घेऊन गेला. प्रत्येक सॅम्पलची एक जोडवायल इथे डेसिकेटरमध्ये ठेवली, आणि प्रवासात गेलेल्या वायलींपैकी एक परत आल्यावर दोन्हींचा एक्सआरडी काढून बघितला. तसाच आला, म्हणजे वाटेत काही झालं नव्हतं.

बरोबर तीन रेफरन्स पाठवले होते आणि ते बनवण्यात आमच्या लॅबच्या मुलींनी खूप जीव ओतला. शुद्ध गॅमा तर सप्लायरचाच. अल्फासाठी इंडोमेथासिन गरम इथेनॉलमध्ये ८० अंशांच्या आसपास विरघळवून त्यात गरम पाणी घातलं, सुया पडल्या, गाळून व्हॅक्यूममध्ये सुकवल्या. अमॉर्फससाठी पावडर वितळवून लिक्विड नायट्रोजनवर ओतून एकदम गार केली, पिवळी काच मिळाली, ती पुण्याला निघायच्या जेमतेम आधी केली कारण ती ठेवून चालत नाही.

मशीन ४०० मेगाहर्ट्झचं, रोटर ४ मिमीचा झिरकोनियाचा, स्पिनिंग १० किलोहर्ट्झ, म्हणजे मिनिटाला सहा लाख फेरे. कोन पोटॅशियम ब्रोमाइडच्या ब्रोमीनवर बसवला, शिफ्टसाठी (स्पेक्ट्रममधली लाइनीची जागा, पीपीएममध्ये) अ‍ॅडमँटेनचा ३८.४८ पीपीएमचा पीक धरला आणि ग्लायसिनच्या १७६.०३ ने तपासून घेतला. कॉन्टॅक्ट टाइम, म्हणजे हायड्रोजनकडून कार्बनकडे ओतायला दिलेला वेळ, २ मिलिसेकंद.

आता इथे दोन गोष्टी, ज्या ऑपरेटरला आधी सांगितल्या नसत्या तर आमचा सगळा खटाटोप वाया जाता. पहिली म्हणजे रोटरमध्ये भरण्याआधी सॅम्पल खलात घोटायचं नाही. बारीक पावडर रोटरमध्ये समतोल बसते म्हणून घोटायची सवय सगळ्यांना असते, पण आमचा प्रश्नच मुळी दळल्याने काय होतं हा होता. आणि दुसरी, फिरण्याने घर्षण होतं आणि सॅम्पल तापतं, या रोटरला या वेगाला सहज दहा अंशांच्या आसपास. खोलीचं तापमान २५ धरलं तर आतलं ३५ च्या पुढे जाऊ शकतं, आणि अमॉर्फसचं ग्लास ट्रान्झिशन ४२, ओलसर असेल तर त्याहूनही खाली. म्हणजे रात्रभर चालणाऱ्या प्रयोगात मशीनच आमचा अमॉर्फस क्रिस्टल करून टाकणार, डीएससीने केलं तेच, फक्त हळूहळू. म्हणून बेअरिंगची हवा थंड करून घेतली आणि आतलं खरं तापमान लेड नायट्रेटने मोजलं, त्यातल्या शिशाची शिफ्ट अंशामागे साधारण ०.७५ पीपीएम सरकते, एनएमआरमधला हा फार कामाचा थर्मामीटर आहे. आणि रात्रीचा डेटा सलग एकत्र न करता तुकड्यातुकड्यांत साठवला, म्हणजे पहिला तुकडा आणि शेवटचा तुकडा एकावर एक ठेवून बघता येतं की मधे काही बदललं का. नाही बदललं.

आता स्पेक्ट्रम.

आम्ही सगळं लक्ष १६५ ते १८५ पीपीएमच्या पट्ट्यात ठेवलं, तिथे फक्त दोन कार्बोनिल येतात, अ‍ॅसिडचा आणि अमाइडचा. शुद्ध गॅमात दोनच लाइन, १७९ च्या आसपास अ‍ॅसिड, १६८ च्या आसपास अमाइड, दोन्ही अगदी सुबक. एक स्वतंत्र रेणू म्हणजे प्रत्येक कार्बनला एक जागा, एक लाइन. शुद्ध अल्फात त्याच पट्ट्यात लाइनींची गर्दी, आणि त्यात १७२ च्या बाजूला एक लाइन एकटी पडलेली, तो जोडी न मिळालेला तिसऱ्या रेणूचा अ‍ॅसिड कार्बन. पुस्तकात वाचलेली क्रिस्टल रचना अशी डोळ्यांसमोर एका लाइनीच्या रूपात उभी राहते तेव्हा जो आनंद होतो तो सांगता येत नाही. इंडोमेथासिनच्या रेणूत कार्बन १९, अल्फात तीन रेणू म्हणजे ५७ जागा, आणि त्यातली नेमकी एक आपल्याला खूण म्हणून पुरते. अमॉर्फसमध्ये लाइन नाहीतच, १७० पासून १८० पर्यंत एक रुंद टेकाड, कारण तिथे जोड्याही आहेत, साखळ्याही आहेत, अमाइडला अडकलेलेही आहेत आणि मोकळेही, सगळ्यांची सरमिसळ.

एक इशारा इथेच देते. क्लोरीन जोडलेल्या कार्बनची लाइन शुद्ध क्रिस्टलमध्येही रुंद आणि वाकडी येते, कारण क्लोरीनचं न्यूक्लियस क्वाड्रुपोलर आहे (त्यातला विद्युतभार गोलाकार पसरलेला नाही) आणि त्याचा परिणाम मॅजिक अँगलने पूर्ण जात नाही. ती बघून कोणी "यात अमॉर्फस आहे" म्हणायला निघालं तर थांबवा. रुंद लाइन म्हणजे अमॉर्फस असं समीकरण प्रत्येक कार्बनला लागू पडत नाही, शुद्ध रेफरन्सशी ताडूनच बोलायचं.

मग आमचे सॅम्पल. सप्लायरचा माल, दोन लाइन, बाकी सपाट. १७२ ला काही नाही, टेकाड नाही. शुद्ध गॅमा.

ताजं दळलेलं, पहिल्या नजरेत गॅमाच. पण लाइनींच्या पायथ्याशी बेसलाइन थोडी उचललेली. शुद्ध गॅमाचा स्पेक्ट्रम प्रमाणात वजा केला तर खाली उरलं ते रुंद टेकाड, आकार अगदी आमच्या अमॉर्फस रेफरन्ससारखा. १७२ ची बारीक लाइन, जी अल्फाची खूण, ती कुठेच नाही. म्हणजे ताज्या दळलेल्या मालात अल्फा नव्हता, अमॉर्फस होता. डीएससीमध्ये दिसलेला अल्फा तापवताना जन्मला होता. आणखी एक पुरावा हायड्रोजनच्या रिलॅक्सेशन टाइममध्ये मिळाला. गॅमाच्याच लाइनींवर मोजलेला हा टाइम, म्हणजे टी-वन, दळल्यावर कमी झाला होता. लाइनींची जागा तीच, फॉर्म तोच, पण क्रिस्टलमध्ये दोष वाढले की रिलॅक्सेशन लवकर होतं, आणि हायड्रोजनमधल्या स्पिन डिफ्युजनमुळे तो परिणाम आसपासच्या भागात पसरतो. मिलने क्रिस्टलला किती मार दिला हे इतक्या सरळ सांगणारं दुसरं मोजमाप मला माहीत नाही.

पडून राहिलेलं, म्हणजे भांडणाचं मूळ. त्यात गॅमा, शिवाय १७२ ला स्पष्ट बारीक लाइन आणि अल्फाच्या बाकी लाइनी, आणि टेकाड जवळजवळ गेलेलं. जेवढं टेकाड गेलं साधारण तेवढाच अल्फा आला. म्हणजे दळताना झालेला अमॉर्फस भाग पावसाळी हवेत ओलावा पिऊन अल्फा म्हणून क्रिस्टल झाला. अमॉर्फस इंडोमेथासिन कोरड्या हवेत ठेवला तर गॅमाकडे झुकतो आणि दमट हवेत अल्फाकडे, हे १९९० च्या दशकापासून प्रसिद्ध असलेलं काम आहे. थंडी-उन्हाळ्यात आमच्या ड्रममध्ये तोच अमॉर्फस बहुधा गॅमा होऊन बसत असणार, म्हणून कुणाला कळत नव्हतं. मायक्रोस्कोपखाली दिसलेली ती लव म्हणजे पृष्ठभागावर उगवलेल्या अल्फाच्या सुया, आणि त्या सुया एकमेकींत अडकतात म्हणून पावडर वाहत नाही.

किती अल्फा, तर शेकडा सात-आठच्या आसपास. हा आकडा काढताना एक काळजी घ्यावी लागली. क्रॉस पोलरायझेशनमध्ये पीकचा एरिया म्हणजे थेट प्रमाण नव्हे, दोन फॉर्मची हायड्रोजनकडून घेण्याची गती वेगळी असू शकते, टी-वन वेगळा असू शकतो. म्हणून सगळ्यात लांब टी-वनच्या पाचपट थांबून स्कॅन घेतले आणि शुद्ध अल्फा-गॅमाची वजन करून बनवलेली मिश्रणं त्याच सेटिंगवर चालवून रेषा बसवली. मिश्रणं बनवतानाही खल नाही, वायलमध्ये हळूच फिरवून मिसळलेली.

शेवटचा प्रश्न क्यूएचा होता आणि तो सगळ्यात महत्त्वाचा, कॅप्सूलमध्ये भरल्यावर हे चालूच राहतं का? रिटोनाविरचं उदाहरण आमच्या धंद्यात सगळ्यांच्या मनात असतं, १९९६ ला बाजारात आलेलं औषध, १९९८ ला कमी विरघळणारा दुसरा फॉर्म उगवला आणि कॅप्सूल मागे घ्यावी लागली. आमच्या बाबतीत अल्फा उलट थोडा जास्तच विरघळतो, डिसोल्यूशनची भीती नव्हती, पण हळूहळू बदलत राहणारी कॅप्सूल कुणालाच नको असते.

कॅप्सूलमधल्या ब्लेंडमध्ये औषधापेक्षा लॅक्टोज (भरणीची साखर) कितीतरी जास्त. एक्सआरडीत लॅक्टोज मोनोहायड्रेटचे पीक १९-२० अंशांत गॅमाच्या १९.६ वर येऊन बसतात. एनएमआरमध्ये लॅक्टोज ६० ते १०७ पीपीएमच्या पट्ट्यात राहतं, मॅग्नेशियम स्टिअरेट ३०-३३ च्या आसपास, कार्बोनिलचा पट्टा मोकळा. आणि तरीही ब्लेंडच्या स्पेक्ट्रममध्ये १७१ ला छोटा पीक! पुण्याहून फोनवर हे ऐकलं तेव्हा सगळे गप्प झाले, कारण हा माल लगेच ब्लेंड केलेला, त्यात अल्फा असायलाच नको होता.

हिशोब केला. या मशीनवर कार्बनची फ्रिक्वेन्सी १००.६ मेगाहर्ट्झ, १० किलोहर्ट्झ म्हणजे ९९ पीपीएमच्या थोडं वर. लॅक्टोजचा मोठा गठ्ठा ७२ च्या आसपास, ७२ अधिक ९९ म्हणजे १७१. स्पिनिंग साइडबँड, म्हणजे फिरण्याच्या वेगाइतक्या अंतरावर उमटणारी खऱ्या लाइनीची सावली! लॅक्टोजचे साइडबँड तसे अगदी बारके असतात, पण लॅक्टोजच इतकं जास्त की औषधाच्या लाइनींशेजारी तो बारकाही ठळक दिसतो. लगेच स्पिनिंग १२ किलोहर्ट्झ केलं, पीक १७१ वरून उठून १९१ ला जाऊन बसला. खरा पीक वेग बदलल्याने हलत नाही. दुसरा उपाय असा की लॅक्टोज मोनोहायड्रेटचा हायड्रोजन टी-वन फार लांब असतो, शेकडो सेकंदांपर्यंत, तर दोन मिथाइल गट असलेलं इंडोमेथासिन त्यामानाने पटकन रिलॅक्स होतं. थांबायचा वेळ कमी ठेवला की लॅक्टोज सावरायच्या आत पुढचा स्कॅन येतो आणि लॅक्टोज जवळजवळ दिसेनासं होतं. अर्थात त्या सेटिंगवर टक्केवारी काढायची नाही, फक्त आहे की नाही ते बघायचं. लगेच ब्लेंड केलेल्या मालात अल्फा नव्हता, आणि पडून राहिलेल्या मालाच्या कॅप्सूलमध्ये होता तो ब्लिस्टरमध्ये स्टेबिलिटीला ठेवल्यावर वाढलेला दिसला नाही.

मीटिंगमध्ये स्पेक्ट्रम एकाखाली एक लावून दाखवले. डेबिट नोट निघाली नाही. प्रॉडक्शन मॅनेजर सर बराच वेळ ताज्या दळलेल्या मालाचा वजाबाकीचा स्पेक्ट्रम बघत होते, मग म्हणाले, "म्हणजे मॅडम, माल आपण दळतो तेव्हाच बिघडायला तयार होतो, आणि बिघडतो ड्रममध्ये." इतक्या कमी शब्दांत मी रिपोर्टमध्येही लिहिलं नव्हतं.

बदल पुढचे झाले. मिलिंग ते ब्लेंडिंगमधला होल्ड टाइम बांधून दिला, ब्लेंडिंग तयार नसेल तर मिलिंग सुरूच करायचं नाही. पार्टिकल साइज बसेना म्हणून माल पुन्हा मिलमधून काढायची पद्धत बंद केली, कारण दुसऱ्या फेरीत साइज थोडाच उतरतो आणि अमॉर्फस वाढतो. मिलिंग रूमला डीह्युमिडिफायर लावून आरएच (हवेतली सापेक्ष आर्द्रता) ४० टक्क्यांच्या खाली, दळलेला माल डबल पॉलीबॅगमध्ये सिलिका जेलसकट. आरअँडडीतून एक सूचना आली होती की दळलेला माल मुद्दाम कोरड्या हवेत ठेवून अमॉर्फस भाग गॅमाकडे वळवून घ्यावा, आजूबाजूला गॅमाचं बी आहेच. मला ती मनापासून आवडली होती, पण त्याला लागणारा वेळ प्लॅनिंगला परवडेना.

रोजच्या तपासणीला एक्सआरडीच ठेवला, ८.४ चा पीक, पण सॅम्पल मागून भरायचं आणि फिरतं ठेवून स्कॅन घ्यायचा, म्हणजे सुया आडव्या पडण्याचा त्रास कमी. आयसीएच क्यू६ए (औषधांच्या स्पेसिफिकेशनची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका) मधल्या चौथ्या डिसिजन ट्रीप्रमाणे सगळं फाइलला लावलं. सॉलिड स्टेट एनएमआर दर बॅचला करायची गोष्ट नाही, एकेका सॅम्पलला रात्र जाते आणि पैसाही लागतो. वाद पडला, मशीनमशीनचं जुळेना, की तेव्हा करायचा.

सध्या अडलंय ते थोड्या अमॉर्फसवर. शेकडा पाचाच्या खाली गेलं की ते टेकाड बेसलाइनमध्ये विरघळून जातं, वजाबाकी केली तरी भरवसा वाटत नाही, आणि सुयांची लव उगवायला तेवढा अमॉर्फसही पुरत असेल. त्यासाठी आता ताज्या दळलेल्या मालाचं पाणी शोषण मोजायला घेतलंय, डीव्हीएसवर (आर्द्रता बदलत सॅम्पलचं वजन मोजणाऱ्या मशीनवर), एकाच तापमानाला आरएच पायरीपायरीने चढवत. क्रिस्टल होताना अमॉर्फसने प्यायलेलं पाणी सुटतं आणि वजन एकदम खाली येतं, ते कुठल्या आरएचला येतं ते बघायचंय.